जुन्या मशीनचं मॅन्युअल आणि त्याचा जाणकार शोधताना

आमच्या गाळ्यातला रशियन लेथ, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवून कातणारं मशीन, दोन पावसाळ्यांपूर्वी दमायला लागला. मोटर व्यवस्थित फिरायची, आवाजही नेहमीचाच, पण ९० मिलिमीटरच्या शाफ्टवर तीन मिलिमीटरचा कट घेतला की जॉब धरून फिरणारा चक हळू होत होत थांबायचा. बेल्ट घट्ट केले, मग बदलले, फरक शून्य. एका रिपेअरिंगवाल्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, हेडस्टॉक, म्हणजे चक फिरवणारी गिअरची पेटी, पूर्ण खोलावा लागेल, बेअरिंगं आणि गिअर नवे लागतील. खर्चाचा आकडा ऐकून मी त्या दिवशी त्याला उत्तरच दिलं नाही. अडीच महिन्यांनी तोच लेथ पाऊण तासात ठीक झाला. एकही पार्ट नवा लागला नाही.

त्या अडीच महिन्यांत मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंत कितीतरी गाळ्यांत अशी मशीनं अजून भाकरी कमावतात. त्यांचे कागद हरवलेत आणि ती ओळखणारी माणसं निवृत्त झालीत. नुसतं माहीत नाही म्हणून चांगलं मशीन भंगारात गेलेलं मी पाहिलं आहे, आणि ते मला अजून सलतं.

माझे वडील टर्नर. त्यांनी १९८७ मध्ये वागळेत भाड्याने गाळा घेतला, आणि हा लेथ १९९८ मध्ये एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात उचलला. सोबत एक चकची चावी आणि बोल्ट आवळायचे दोन पाने मिळाले, कागद एकही नाही. वडील होते तोवर कागदाची गरज पडली नाही, कारण सगळं त्यांच्या हाताला माहीत होतं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गाळा सांभाळायला लागले, तेव्हा त्यांना दर वेळी विचारायचे आणि लिहून कधीच ठेवायचे नाही. ते गेल्यावर प्रश्न विचारायला कोणी उरलं नाही.

सुरुवातीला मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी माणूस शोधला, मग कागद शोधले, आणि मशीन नीट वाचलं सर्वांत शेवटी. बरोबर क्रम याच्या नेमका उलटा आहे.

मशीन वाचायचं म्हणजे नेमप्लेटपासून सुरुवात करायची. प्लेटवर तेलाचा आणि रंगाचा थर असतो. तिला वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका, अक्षरांतला रंग कायमचा जातो. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी अर्धा तास प्लेटवर ठेवा, मग जुन्या टूथब्रशने हळूहळू घासा. अक्षरं झिजली असतील तर टॉर्च बाजूने तिरपा धरून फोटो काढा, समोरून न दिसणारे आकडे सावलीत उठून दिसतात. तेही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल आडवी घासा.

नेमप्लेटच हरवली असेल तर लेथच्या बेडचं, म्हणजे खालच्या लांब पायाचं, टेलस्टॉककडचं (चकच्या समोरच्या बाजूचं) टोक बघा. पुष्कळ कंपन्या तिथे सीरियल नंबर ठोकून ठेवत. पण इथे एका गोष्टीत फसू नका. बिडाच्या ओतीव भागावर जे उठावाचे आकडे असतात तो पॅटर्नचा, म्हणजे ओतकामाच्या साच्याचा नंबर असतो, फाउंड्रीच्या सोयीचा. त्याच्यावरून मशीनचं मॉडेल शोधत बसलात तर महिना फुकट जातो. माझे तीन आठवडे गेले.

मुख्य प्लेटशिवाय आणखी प्लेटा असतात. वेगाचा तक्ता, आट्यांचा तक्ता, तेलाचा तक्ता आणि कधीकधी विकणाऱ्या एजंटाची छोटी पितळी पट्टी. त्या सगळ्यांचे फोटो घ्या. पेटंट नंबर लिहिलेला असेल तर तो सोन्यासारखा समजा. अमेरिकन पेटंटं नंबर टाकून इंटरनेटवर फुकट उघडता येतात, आणि त्यांत त्या यंत्रणेची रेखाचित्रं असतात. मॅन्युअल मिळालं नाही तरी आतला क्लच किंवा फीडची (टूल पुढे सरकवण्याची) रचना कळते.

रशियन मशीनचा नंबर हीच अर्धी माहिती असते, आणि हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आमचा लेथ १के६२. पहिला आकडा मशीनचा गट सांगतो. १ म्हणजे लेथ, २ म्हणजे ड्रिलिंग, ३ ग्राइंडिंग, ६ मिलिंग, ७ प्लेनर आणि शेपर. दुसरा आकडा त्या गटातला प्रकार. लेथमध्ये ६ म्हणजे साधा सेंटर लेथ. अक्षर म्हणजे सुधारित आवृत्ती, आणि शेवटचा आकडा साइझ. इथे २ म्हणजे सेंटरची उंची, बेडपासून चकच्या मध्यापर्यंतची, सुमारे २०० मिलिमीटर. ड्रिलिंग मशीनवर २एन१३५ लिहिलं असेल तर शेवटचे ३५ म्हणजे ३५ मिलिमीटरपर्यंतचं भोक. ६एन८२ म्हणजे आडव्या स्पिंडलचं (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मिलिंग, दोन नंबर साइझचं टेबल.

यात एक गोम आहे. प्लेटवरची अक्षरं रशियन लिपीतली असतात. एच दिसणारं अक्षर खरं तर 'न' असतं, आणि पी दिसणारं अक्षर 'र'. आपण इंग्रजी कीबोर्डवर तेच दिसणारं अक्षर टाइप केलं तर शोधात जवळजवळ काहीच सापडत नाही. फोनमध्ये रशियन कीबोर्ड टाका आणि त्याच लिपीत मॉडेल लिहा. पुढे 'पास्पोर्त' हा शब्द रशियनमध्ये जोडा. मशीनच्या मॅन्युअलला तिकडे पासपोर्टच म्हणतात. मी 'मॅन्युअल' शब्द टाकून महिनाभर शोधलं आणि 'पास्पोर्त' टाकल्यावर त्याच संध्याकाळी स्कॅन केलेली पूर्ण पुस्तिका मिळाली.

रशियन येत नाही म्हणून घाबरू नका. फोनचा कॅमेरा पानावर धरला की भाषांतर होतं, पण चार शब्द आधीच माहीत करून घ्या. माझ्या फोनने हेडस्टॉकचं भाषांतर 'पुढची आजी' असं केलं, आणि मला वाटलं भलतंच पान उघडलं. रशियनमध्ये हेडस्टॉक आणि टेलस्टॉक या दोघांनाही 'बाबका' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आजी. 'स्तानिना' म्हणजे बेड. 'सुपोर्त' म्हणजे टूल धरणारी स्लाइड. 'फार्तुक' म्हणजे अॅप्रन, स्वयंपाकघरातलाही आणि लेथचाही. 'मूफ्ता' म्हणजे क्लच किंवा कपलिंग.

आणि मजकुरापेक्षा चित्रं महत्त्वाची. रशियन पासपोर्टमध्ये एक घडीचं पान असतं, त्यावर मोटरपासून स्पिंडलपर्यंतचा सगळा प्रवास रेषांनी काढलेला असतो. प्रत्येक गिअरचे दाते, प्रत्येक पुलीचा व्यास, बेअरिंगचे नंबर, सगळं त्यात. त्या पानाला भाषा लागत नाही. मिळालेलं मॅन्युअल आपल्याच मशीनचं आहे का हेही त्यावरूनच तपासायचं. आमच्या पासपोर्टमध्ये मोटरची पुली १४२ मिलिमीटर आणि वरची २५४ होती. मोटर १४५० फेऱ्यांची, म्हणजे पहिला शाफ्ट मिनिटाला साधारण ८०० फेरे फिरायला हवा. फेरे मोजणारा टॅकोमीटर लावला, जुळलं. मग वरचं झाकण उघडून पहिल्या शाफ्टवरचे दाते मोजले. पासपोर्टप्रमाणे ५६ आणि ५१ हवे होते, तेवढेच निघाले. त्या क्षणी इतकं हायसं वाटलं की हेल्परला चहा आणायला पाठवलं.

हा पडताळा पैसे देण्याआधी करा. जुनी मॅन्युअलं विकणारे लोक आहेत. काही मनापासून काम करतात, काही जवळपासच्या मॉडेलचं कोणतंही पुस्तक पाठवून देतात. एकदा मी पैसे पाठवले आणि आलं ते दुसऱ्याच साइझच्या मशीनचं. तेव्हापासून अनुक्रमणिकेचा आणि हेडस्टॉकच्या आकृतीचा फोटो आधी मागते. दाते आणि पुल्या जुळल्या तरच पैसे.

भारतीय मशीन असेल तर वाट वेगळी. एचएमटी १९५३ मध्ये बंगळुरूला स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या सहकार्याने सुरू झाली, आणि पुढे वेगवेगळ्या गावांत तिची युनिटं झाली. कोणतं मशीन कुठे बनलं हे कळलं की पत्र कुठे पाठवायचं ते कळतं. एनएच मालिकेचे लेथ केरळमधल्या कळमश्शेरीचे, एफएन मालिकेची मिलिंग मशीनं हरियाणातल्या पिंजोरची. एनएच २२ मधले २२ म्हणजे सेंटरची उंची २२० मिलिमीटर, तसंच एनएच २६ म्हणजे २६०. युनिटला लिहिताना मॉडेल, सीरियल नंबर आणि नेमप्लेटचा फोटो हे तीन नसतील तर उत्तराची आशा करू नका. आणि विनंती नेमकी करा. 'मॅन्युअल पाठवा' यापेक्षा 'फीड गिअरबॉक्सची आकृती आणि सुट्या भागांची यादी हवी आहे' हे जास्त चालतं.

मैसूर किर्लोस्करचे एंटरप्राइज आणि टर्नमास्टर लेथ ठाण्यात अजून खूप आहेत. ही कंपनी हरिहरला १९४१ मध्ये सुरू झाली, आता ती नाही. पण ते लेथ इतक्या गाळ्यांत गेले की कोणाच्या ना कोणाच्या कपाटात त्याचं पुस्तक असतंच. अशा मशीनसाठी इंटरनेटपेक्षा शेजारचे दहा गाळे फिरणं उपयोगी. भारत फ्रिट्झ वर्नरचं जुनं मिलिंग असेल तर जर्मनीतल्या मूळ फ्रिट्झ वर्नर कंपनीची पुस्तिकाही बघा. परदेशी कंपनीच्या सहकार्याने बनलेल्या मशीनचा पूर्वज शोधणं हा हमखास उपाय आहे, कारण आतली रचना पुष्कळदा तीच असते. राजकोट, बटाला, लुधियानाच्या साध्या बेल्टच्या लेथला पुस्तिका अशी क्वचितच होती. त्यांच्यासाठी वेळ घालवू नका, त्यांचं पुस्तक आपणच लिहायचं. ते कसं, ते पुढे सांगते.

इंग्लिश मशीनसाठी इंग्लंडमधल्या टोनी ग्रिफिथ्स यांचा लेथ्स डॉट को डॉट यूके हा मोठा खजिना आहे. तिथे शेकडो बनावटींची ओळख, फोटो आणि विकत मिळणारी मॅन्युअलं आहेत. अमेरिकन मशीनसाठी व्हिंटेज मशिनरी नावाचा संग्रह आहे. कंपनी बंद झाली म्हणून थांबू नका. मायफर्ड या इंग्लिश लेथ कंपनीचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला, पण नाव दुसऱ्या एका ब्रिटिश टूल कंपनीने घेतलं आणि त्या लेथचे पार्ट मिळत राहिले. बंद कंपनीचं नाव आणि ड्रॉइंगं कोणी विकत घेतली, हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायचा.

परदेशात शोधण्याआधी मात्र मशीनच्या पोटात शोधा. इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पत्र्याचा खिसा असतो. सर्किटची ड्रॉइंग तिथे कित्येक वर्षं घडी करून पडलेली असते. हेडस्टॉकच्या झाकणाच्या आत तेलाचा तक्ता चिकटवलेला सापडतो. मशीन लिलावातून घेत असाल तर त्याच दिवशी, ट्रक भरायच्या आधी, तिथल्या मेंटेनन्सच्या खोलीत जा आणि कपाट उघडायला सांगा. नंतर ती खोली कायमची बंद होते. ठाण्याच्या पोखरण रोडवर कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहताना अशी कपाटं थेट रद्दीत गेली. रद्दीवाल्याकडे मॅन्युअल किलोच्या भावाने जातं, आणि त्याला ओळख देऊन ठेवली तर तो फोन करतो. आमच्या भागातल्या रद्दीवाल्याने मला गेल्या चार वर्षांत नऊ पुस्तकं दिली. त्यातलं एक माझ्या मशीनचं, बाकीची दुसऱ्यांच्या कामाची.

आता माणसाकडे वळते, कारण माझ्या लेथचं उत्तर शेवटी माणसाकडेच होतं. पासपोर्टमध्ये क्लचची आकृती होती, अॅडजस्टमेंटवर दोन ओळीही होत्या. पण मशीन क्लचमुळेच दमतंय हे तो सांगू शकत नव्हता.

जाणकार शोधायचा तर मशीन विकणाऱ्यांना विचारू नका, मशीनला माल पुरवणाऱ्यांना विचारा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या बेअरिंग आणि बेल्टच्या दुकानांत काउंटरवर जुनी माणसं बसतात. कोणता मेंटेनन्सवाला कोणत्या मशीनसाठी काय नेतो हे त्यांना पाठ असतं. तेलाचा वितरक, बेडचं स्क्रेपिंग करणारे, म्हणजे तो खरवडून सपाट करणारे कारागीर, मशीन हलवणारे क्रेनवाले, हे सगळे चांगले धागे. मुंबईच्या दारुखान्यात जहाजांच्या वर्कशॉपमधून निघालेली मशीनं येतात. तिथले जुने व्यापारी परदेशी बनावटी नुसत्या हँडलवरून ओळखतात. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स' नावाचा ट्रेड असतो. त्याचे निदेशक किंवा त्यांचे स्वतःचे गुरू यांच्यापर्यंत पोहोचलात तर अर्धं काम झालं. ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन किंवा रबाळ्याकडची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांच्या सभासदांत तेच मशीन असलेला दुसरा मालक सापडू शकतो. त्याच्याकडे काम करून गेलेला मिस्त्री कोण, एवढंच विचारायचं. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, परळ-माटुंग्याचे रेल्वे वर्कशॉप, अशा ठिकाणांहून निवृत्त झालेली माणसं कळवा, डोंबिवली, अंबरनाथला राहतात, आणि त्यांच्या हातांनी देशोदेशीची मशीनं खोलून बसवली आहेत.

पण सर्वांत चांगला दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी इस्टेटमधल्या प्रत्येक गाळ्यात मशीन धुऊन पुसून झेंडूचे हार घातलेले असतात, शटर उघडी असतात, आणि निवृत्त माणसं आपल्या जुन्या मालकांकडे, जुन्या मशीनकडे नमस्काराला येतात. मी त्या वर्षी पेढ्यांचा पुडा घेऊन रस्त्याने फिरले आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं: 'रशियन लेथवर काम केलेले कोणी आहेत का ओळखीचे?' चौथ्या गाळ्यात एक आयटीआयचे निदेशक भेटले. ते म्हणाले, माझे सर एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, तिथे या लेथची अख्खी रांग होती. सर किसननगरला राहतात. फोन नंबर त्यांनी तिथेच दिला.

फोन करायच्या आधी मी एक पान तयार केलं, आणि हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. वर मॉडेल आणि सीरियल नंबर. खाली तक्रार एका वाक्यात. ती कधी सुरू झाली, त्याच्या आधी मशीनवर काय बदललं, आतापर्यंत काय काय करून पाहिलं, आणि त्याने काय फरक पडला. सोबत तीन फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, आवाजासकट. जाणकार माणूस आवाजावरून खूप ओळखतो. पान लिहिताना मलाच एक गोष्ट आठवली. तक्रार सुरू होण्याच्या महिनाभर आधी आम्ही हेडस्टॉकमधलं तेल बदललं होतं, आणि दुकानदाराने दिलेलं दाट गिअर ऑइल ओतलं होतं.

त्या सरांच्या, म्हणजे माझ्यासाठी काकांच्या, घरी गेले. वय चौऱ्याहत्तर, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. पान त्यांनी दोनदा वाचलं, व्हिडिओ कानाशी धरला, आणि विचारलं, "ताई, उलटा फिरवून बघितलात का?"

हा प्रश्न रिपेअरिंगवाल्याने विचारला नव्हता, आणि माझ्याही डोक्यात आला नव्हता. काकांनी समजावलं. या लेथच्या हेडस्टॉकमध्ये पत्र्याच्या चकत्यांचा क्लच असतो, सुलट्या फिरण्यासाठी एक जुडगा आणि उलट्यासाठी दुसरा. मोटर आणि बेल्ट दोघांना एकच. उलटा फिरवताना चक झटकन वेग घेत असेल आणि सुलटा घेताना रेंगाळत असेल, तर मोटर चांगली, बेल्ट चांगले, दोष फक्त सुलट्या जुडग्यात. या लेथचा उलटा वेग सुलट्यापेक्षा मुळातच थोडा जास्त असतो, तो फरक धरायचा नाही. रेंगाळणं बघायचं. मी गाळ्यावर येऊन चकचं लॉकिंग तपासलं, जॉब काढून ठेवला, कमी वेगावर करून पाहिलं. उलटा लगेच उचलत होता. सुलटा जड पायांनी चालल्यासारखा.

रविवारी काका आले. मेन स्विच बंद करून त्यांनी फ्यूज काढले आणि स्वतःच्या खिशात ठेवले. ही सवय मी त्यांच्याकडून घेतली. आधी दाट तेल काढून तक्त्यातल्या ग्रेडचं भरलं. जुन्या रशियन तक्त्यातलं तेल आपल्या दुकानात त्या नावाने मिळत नाही, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. 'इंडस्ट्रियल ३०' यातला आकडा ५० अंश तापमानाच्या दाटपणाचा, आपल्याकडच्या आयएसओ व्हीजी या ग्रेडचा आकडा ४० अंशांचा. त्यामुळे 'इंडस्ट्रियल ३०' म्हणजे व्हीजी ३० नव्हे, ते व्हीजी ४६ च्या जवळ येतं, आणि 'इंडस्ट्रियल २०' व्हीजी ३२ च्या.

मग वरचं झाकण उघडलं. चकत्यांच्या जुडग्याशेजारी खाचांचा नट असतो, आणि तो आपोआप सुटू नये म्हणून स्प्रिंगचा खटका. स्क्रूड्रायव्हरने खटका दाबायचा, नट एकच खाच पुढे घ्यायचा, खटका परत खाचेत बसला की नाही ते बोटाने बघायचं. झाकण लावून चालवायचं. पुरेसं नसेल तर पुन्हा सगळं बंद करून आणखी एक खाच. काका परत परत सांगत होते की घाई करून चार खाचा एकदम घेऊ नका. जास्त आवळलं तर लिव्हर मधे असतानाही चकत्या एकमेकींना घासतात, चक आपोआप सरकत राहतो, आणि तेल तापून चकत्या जळतात. दोन खाचा लागल्या. लिव्हर मधे ठेवून चक हाताने फिरवला, मोकळा फिरला. ब्रेकचा पट्टा तपासला. तीन मिलिमीटरचा कट घेतला आणि आवाजसुद्धा बदलला नाही. मी त्या लेथसमोर उभी राहून रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तो वडिलांचा लेथ होता.

काकांनी पैसे घ्यायला नकार दिला. मी पाकीट त्यांच्या पिशवीत ठेवलं आणि येण्याजाण्याची टॅक्सी केली. ज्ञान फुकट मागायचं नाही, यावर मी ठाम आहे. रिपेअरिंगवाल्याला बिनतक्रार हजारो देणारे आपण, चाळीस वर्षांच्या अनुभवाला चहावर वाटेला लावतो, म्हणून ही माणसं पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत. त्यांची परवानगी घेऊन मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, घरी लिहून काढलं, आणि ते पान त्यांना वाचून दाखवून दुरुस्त करून घेतलं. त्यांनी तीन चुका काढल्या.

एक मर्यादाही सांगते. लेथचा जाणकार ग्राइंडरचा जाणकार असेलच असं नाही. आमच्या सरफेस ग्राइंडरच्या हायड्रॉलिकबद्दल विचारलं तेव्हा काकांनी स्पष्ट सांगितलं की हे माझं काम नाही, आणि दुसरं नाव दिलं. नाही म्हणणारा माणूस विश्वासाचा. आणि मशीनची अचूकता वादात असेल तर आधी आपली मोजमापाची साधनं तपासून घ्या. मुंबईत चुनाभट्टीच्या आयडेमी या सरकारी संस्थेमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे साधनांची तपासणी होते. डायल गेज खोटा असेल तर सगळा शोध खोटा. फारच अवघड प्रश्न असेल तर बंगळुरूची सेंट्रल मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट आहे. ही संस्था १९६२ मध्ये मशीन टूलसाठीच सुरू झाली.

कागदही नाही आणि माणूसही नाही, असं झालं तर? आमच्याकडे एक छोटा इंग्लिश लेथ आहे. त्याचे अर्धे चेंज गिअर (आट्यांच्या मापानुसार बदलायचे गिअर) हरवले होते आणि तक्ता पुसलेला. अशा वेळी मशीन स्वतःच उत्तर देतं. शिल्लक एक गिअर घेतला, दाते मोजले, ३८. व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजला, ५०.८ मिलिमीटर. दात्यांत दोन मिळवायचे आणि व्यासाला त्याने भागायचं, म्हणजे मॉड्यूल, दात्याचं मेट्रिक माप, येतो. ५०.८ भागिले ४० म्हणजे १.२७. मॉड्यूल १.२५ असता तर व्यास बरोबर ५० आला असता. १.२७ म्हणजे इंची माप, २० डीपी, म्हणजे व्यासाच्या दर इंचामागे २० दाते. फरक फक्त ०.८ मिलिमीटरचा, पण १.२५ मॉड्यूलचा गिअर करून बसवला असता तर दाते एकमेकांना खात राहिले असते. दात्याचा कोनही बघा. जुन्या इंग्लिश गिअरमध्ये तो १४.५ अंश सापडतो, आजच्या गिअरमध्ये २०. ते दोन एकत्र चालत नाहीत.

लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंची असेल आणि मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील तर १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, आणि त्याच्या पाचपट १२७. एवढा मोठा गिअर बसत नसेल तर ८० आणि ६३ दात्यांची जोडी चालते. ८० भागिले ६३ म्हणजे १.२६९८, हवं असतं १.२७. साध्या नट-बोल्टासाठी हा फरक नगण्य. लांब स्क्रूसाठी मात्र मी तो वापरणार नाही.

नट-बोल्टही तपासा. इंग्लिश मशीनवर व्हिटवर्थचे आटे ५५ अंशांचे असतात, मेट्रिक आणि अमेरिकन ६० अंशांचे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, अमेरिकन यूएनसीला १३. एक-दोन फेरे बसतो म्हणून पान्याने दाबून पुढे नेला तर बिडातले आटे उडतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो पुसून लिहून घ्या. ६२०६ म्हणजे आतलं भोक ३० मिलिमीटर, शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचने गुणायचं. जुन्या इंग्लिश मशीनवर आरएलएस ८ असं काही दिसलं तर ते इंची आहे, ८ म्हणजे आठ-अष्टमांश, एक इंच भोक. मापाला जवळचं मेट्रिक बेअरिंग ठोकून बसवू नका. नागदेवीला इंची मिळतं, थोडी वाट बघावी लागते.

हे सगळं ज्या वहीत लिहिलं तेच त्या लेथचं पुस्तक झालं. प्रत्येक मशीनसाठी मी आता एक फाइल करते. नेमप्लेटचा फोटो, दात्यांची यादी, बेअरिंग आणि ऑइल सीलचे नंबर, तेलाचा ग्रेड, पॅनेलची हाताने काढलेली आकृती. वायर काढायच्या आधीचे फोटो, प्रत्येक वायरला नंबर लावून. घडीच्या मोठ्या पानाच्या झेरॉक्स स्टेशनजवळच्या प्लॅन प्रिंटिंगवाल्याकडे पूर्ण आकारात काढते, लहान केल्या तर दात्यांचे आकडे वाचता येत नाहीत. एक प्रत घरी, एक आयटीआयच्या त्या निदेशकांकडे, आणि एक प्लास्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात.

१के६२ च्या फाइलमध्ये पहिलं पान काकांच्या हस्ताक्षरातलं आहे. वर मशीनचा नंबर, खाली मेन स्विच, फ्यूज, खटका, एक खाच, हे चार शब्द क्रमाने, आणि त्याच्याखाली तारीख. गेल्या महिन्यात रबाळ्याच्या एका गाळ्यातून फोन आला, लेथ तोच, तक्रार तीच. मी त्यांना आधी उलटा फिरवून बघायला सांगितलं, आणि पानाचा फोटो पाठवला.